पन्नास टक्क्यांची वंशावळ

मोठ्या संग्रहालयातल्या काचकपाटाच्या कोपऱ्यात तळहातात मावेल अशी एक पांढरी डबी ठेवलेली असते. मूर्ती पाहायला आलेल्यांचे तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. ती रात्रंदिवस दोन आकडे टिपत असते : कपाटातल्या हवेचे तापमान आणि तिची सापेक्ष आर्द्रता. यातल्या दुसऱ्या आकड्यावर गेले अर्धे शतक जगभरच्या संग्रहालयांचा जीव टांगलेला आहे. तो पन्नासच्या आसपास असावा, फार तर पाच टक्के इकडेतिकडे व्हावा आणि बारा महिने चोवीस तास तसाच राहावा, असा दंडक आहे. बाहेर मुंबईचा आषाढ कोसळत असो की नागपूरचा वैशाख तापत असो, कपाटातल्या हवेने आपला ऋतू बदलायचा नाही.

हा दंडक वस्तूंवरच्या प्रेमापोटी जन्माला आला, यात शंका नाही. पण तो पाळण्यासाठी अहोरात्र यंत्रे चालतात, यंत्रांना वीज लागते, आपल्याकडची बहुतेक वीज अजूनही कोळशातून येते, आणि त्या धुराने तापत चाललेले हवामान आता याच संग्रहालयांच्या छपरांवर कधी नव्हे असा पाऊस ओतू लागले आहे. म्हणून हा आकडा आला कुठून, हे विचारायची वेळ आली आहे. तो निसर्गाचा नियम आहे, प्रयोगाचा निष्कर्ष आहे, की एका देशाने आपल्या एका ऋतूला शोधलेले उत्तर? या वंशावळीत मागे जाताना एक माणसाचा केस भेटतो, ब्रुकलिनमधला एक छापखाना भेटतो, लंडनच्या पोटातला टपालाचा बोगदा आणि वेल्समधली पाटीच्या दगडाची खाण भेटते. पुण्यातले कापडी रुमालही भेटतात. मात्र त्यांचे नाव या वंशावळीत आजवर कोणी नीट लिहिलेले नाही.

वस्तू आणि वाफ

हवेत एकूण वाफ किती, हे सापेक्ष आर्द्रता सांगत नाही. त्या तापमानाची हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ धरू शकते, तिच्या किती टक्के वाफ प्रत्यक्षात आहे, हे ती सांगते. हवा तापली की तिची धारणशक्ती वाढते आणि वाफ तेवढीच राहूनही टक्केवारी उतरते. हवा गार झाली की तीच टक्केवारी चढते. पुढची सारी गोष्ट या एका नियमाभोवती फिरते.

लाकूड, कागद, हस्तिदंत, चामडे, सूत, रेशीम या एकेकाळी सजीव असलेल्या वस्तू टक्केवारी चढली की वाफ शोषून फुगतात आणि उतरली की आकसतात. पावसाळ्यात चौकटीत अडकणारे घराचे दार हेच करत असते. दाराचे त्याने फारसे बिघडत नाही. पण फळीवर खळीचा थर, त्यावर रंग आणि त्यावर सोन्याचा वर्ख असेल, तर खालची फळी हलते आणि वरच्या थरांना तेवढे हलता येत नाही. मग भेगा पडतात, रंगाचे पोपडे सुटतात. टक्केवारी सत्तरच्या वर रेंगाळली तर बुरशी धरते. पंचाहत्तर ओलांडली की दगडा-विटांत मुरलेले मीठ हवेतले पाणी ओढून विरघळते आणि हवा कोरडी झाली की पुन्हा स्फटिक होऊन पापुद्रे उडवते. किनाऱ्यावरच्या जुन्या भिंतींना लोणा धरतो तो असा. जमिनीतून निघालेल्या ब्राँझच्या मूर्तीत क्लोराइड उरले असेल, तर दमट हवेत तिच्यावर फिकट हिरवी पूड फुटते आणि धातू पोखरला जातो. म्हणजे हवा जपायची गरज खरीच आहे. वाद आहे तो किती जपायची आणि कशी जपायची, याचा.

केस, काजळी आणि छापखाना

जिनिव्हाच्या ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर या शास्त्रज्ञाने १७८३ साली आर्द्रता मोजण्याच्या आपल्या यंत्राचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. तेलकटपणा काढलेला माणसाचा केस दमट हवेत किंचित लांबतो आणि कोरड्या हवेत आखडतो, एवढ्या साध्या निरीक्षणावर ते उभे होते. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत संग्रहालयांच्या दालनांत फिरत्या ढोलावर आठवड्याचा आलेख काढणारी जी यंत्रे असत, त्यांच्या पोटातही केसांचाच जुडगा ताणलेला असे.

मोजण्याचे साधन हाती आले तरी संग्रहालयांना आर्द्रतेची काळजी लगेच वाटू लागली नाही. १८५० साली लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या चित्रांची तपासणी करायला मायकेल फॅरेडेसारखा शास्त्रज्ञ बसला, तेव्हा मुख्य चिंता होती ती धुराची आणि काजळीची. उपाय निघाला चित्रांवर काच बसवण्याचा.

हवा यंत्राने राखण्याची कल्पना आली ती कारखान्यातून. १९०२ साली ब्रुकलिनमधल्या एका रंगीत छपाईच्या कारखान्यात उन्हाळ्यातल्या दमटपणामुळे कागद फुगत असे. एकाच कागदावर एकामागून एक रंग चढवायचे, तर पहिल्या आणि शेवटच्या रंगाच्या मध्ये कागदाचे माप बदलून चित्र हलत असे. विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने गार नळ्यांवरून हवा खेळवून तिच्यातले पाणी काढण्याची योजना आखली. आधुनिक वातानुकूलनाची सुरुवात या कामापासून मानतात. तेव्हा माणसाला गार वाटावे हा हेतू नव्हता. कागद स्थिर राहावा हा होता. कापडगिरण्यांना याच्या उलट हवा लागे. मुंबईच्या गिरण्यांतही धागा तुटू नये म्हणून साचेखात्याची हवा मुद्दाम दमट ठेवत आणि कामगार त्या कोंदटपणात पाळी काढत. मालासाठी हवा घडवता येते, हे उद्योगांनी सिद्ध केले आणि संग्रहालयांनी ते उचलले.

उचलण्यात बोस्टनचे ललितकला संग्रहालय पुढे होते. १९०९ साली उघडलेल्या त्याच्या नव्या इमारतीत हवा धुऊन ओलसर करण्याची यंत्रणा होती आणि तिच्या अनुभवातून ५५ ते ६० टक्के आर्द्रता चित्रांना मानवते, असे तिथे ठरले. बोस्टनला ही गरज का पडली, हे पाहण्यासारखे आहे. तिथल्या हिवाळ्यात बाहेरची हवा गोठणबिंदूच्या खाली असते आणि तिच्यात वाफ जेमतेम असते. ती आत घेऊन माणसांसाठी तापवली की वाफ तेवढीच राहते, धारणशक्ती वाढते, आणि दालनातली टक्केवारी वाळवंटासारखी खाली येते. शतकानुशतके थंड, ओलसर चर्चमध्ये राहिलेली लाकडी चित्रे अशा दालनात तडकू लागली. वंशावळीतला पहिला ठळक आकडा असा बर्फाळ शहरातल्या तापवलेल्या खोलीतून आला.

बोगदा आणि खाण

पहिल्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडू लागले तेव्हा ब्रिटिश म्युझियमने आपल्या अनेक वस्तू टपाल खात्याच्या भुयारी रेल्वेसाठी खणलेल्या बोगद्यात हलवल्या. बॉम्बपासून त्या वाचल्या, पण ओलीने गाठले. युद्धानंतर पेट्या उघडल्या तेव्हा लोखंड गंजलेले होते, ब्राँझवर हिरवी पूड होती, मातीच्या आणि दगडाच्या वस्तूंवर मीठ फुटले होते, कुठे बुरशी होती. कारण शोधायला अलेक्झांडर स्कॉट या रसायनशास्त्रज्ञाला बोलावण्यात आले आणि १९२० साली त्यातून संग्रहालयाची प्रयोगशाळा उभी राहिली. १९२४ साली हॅरल्ड प्लेंडरलीथ तिथे रुजू झाले. जतनशास्त्राच्या पुढच्या दोन पिढ्यांची घडण त्यांच्या हाताखालून गेली.

१९३० च्या दशकात हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात इटालियन चित्रकार मान्तेन्याची मोठी चित्रे सांभाळताना आणखी एक युक्ती करण्यात आली. यंत्राच्या जोडीला तळघरात आग विझवायच्या कापडी नळ्या रचून ठेवल्या. हवा दमट झाली की कापड वाफ पिऊन घेई, कोरडी झाली की परत देई. यंत्राचा भार तेवढा हलका होई. ही युक्ती लक्षात ठेवू या. ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

दुसऱ्या महायुद्धाने आकड्याला अधिकार दिला. १९४१ साली नॅशनल गॅलरीची चित्रे उत्तर वेल्समधल्या मॅनॉड डोंगराच्या पोटात, पाटीच्या दगडाच्या खाणीत गेली. खाणीची नैसर्गिक हवा गार आणि ओलीगच्च होती. आत विटांच्या खोल्या बांधून त्यातली हवा थोडी तापवली की टक्केवारी आपोआप उतरत असे, आणि डोंगराच्या पोटात ऋतूच नसल्याने ती जागची हलतही नसे. लंडनमध्ये ज्या चित्रांचे पोपडे दरवर्षी चिकटवावे लागत, ती खाणीत शांत राहिली. लंडनला परतल्यावर पोपड्यांचा त्रास पुन्हा सुरू झाला. स्थिर हवा म्हणजे सुरक्षित चित्र, हा धडा यापेक्षा स्पष्ट कोणत्याच प्रयोगातून मिळाला नसता. त्याच काळात ‘साठ-साठ’ हे माप रुळले : साठ अंश फॅरनहाइट आणि साठ टक्के आर्द्रता. ब्रिटनच्या हवेला ते जवळचे होते आणि लक्षात ठेवायला सोपेही.

पण धडा स्थिरतेचा होता आणि जगाने उचलला तो आकडा. मॅनॉडची हवा स्थिर होती ती मुख्यतः डोंगरामुळे, म्हणजे भिंतींच्या अफाट जाडीमुळे. युद्धानंतर ती स्थिरता काँक्रीटच्या आणि काचेच्या इमारतींत यंत्राच्या जोरावर आणायची, असे ठरले. माझ्या मते या वंशावळीतले सर्वांत मोठे वळण हेच.

शिफारस दंडक कशी झाली

१९७८ साली नॅशनल गॅलरीचे वैज्ञानिक सल्लागार गॅरी थॉमसन यांचे ‘द म्युझियम एन्व्हायर्न्मेंट’ हे पुस्तक आले. जगभरच्या अभिरक्षकांच्या टेबलावर ते पोचले. थॉमसन यांनी संग्रहालयांचे दोन वर्ग केले. मोठ्या राष्ट्रीय संग्रहालयांना ५० किंवा ५५ टक्के, पाच टक्क्यांच्या चढउतारासह, दिवसरात्र. तापमान हिवाळ्यात १९ आणि उन्हाळ्यात २४ अंशांच्या जवळ. जुने वाडे, प्रार्थनास्थळे अशा इमारतींना मात्र ४० ते ७० टक्क्यांची ऐसपैस मुभा. त्यांनी हेही मोकळेपणाने लिहिले होते की पाच टक्क्यांची अरुंद पट्टी यंत्रांना काय जमते यावरून ठरवली आहे. बारीक चढउतारांनी वस्तूंचे नेमके किती बिघडते, हे ज्ञान अजून तेवढे पक्के नाही.

हा प्रामाणिकपणा पुस्तकात राहिला आणि आकडा प्रवासाला निघाला. त्याचे वाहन झाली फिरती प्रदर्शने. १९७२ साली तुतनखामुनच्या खजिन्याने ब्रिटिश म्युझियमसमोर लांबच लांब रांगा लावल्या आणि महाप्रदर्शनांचे युग सुरू झाले. वस्तू एका देशातून दुसऱ्या देशात उसनी जायची तर करार हवा, विमा हवा, सरकारी हमी हवी. करारात मोजता येईल असे कलम हवे. ‘वस्तूची नीट काळजी घ्यावी’ हे मोजता येत नाही. ‘पन्नास टक्के, पाच कमी-जास्त’ हे मोजता येते. विमा कंपनीला आणि वकिलाला ते सोयीचे होते. थॉमसन यांनी दिलेली मुभा मागे पडली, पहिल्या वर्गाचा आकडा कलम बनला, आणि जे संग्रहालय तो पाळू शकत नाही त्याचे दार मोठ्या प्रदर्शनांना बंद झाले.

उष्ण देशांना याचा जाच सर्वांत जास्त झाला. पावसाळ्यातल्या मुंबईत हवा आठवडेच्या आठवडे ऐंशी टक्क्यांच्या वर असते. तिला पन्नासवर आणायचे तर आधी खूप गार करून तिच्यातले पाणी गाळावे लागते आणि मग पुन्हा थोडी तापवावी लागते. म्हणजे विजेचा खर्च दोनदा. नुसती गार करून सोडली, तर वर सांगितलेल्या नियमाने तिची टक्केवारी उलट चढते आणि थंड दालनात बुरशी माजते. यंत्र दिवसा चालवून रात्री बंद केले, किंवा वीज गेली, तर काही तासांत बाहेरची ओली हवा गार वस्तूंवर येऊन बसते. रोज असा झोका खाणारी वस्तू पंखा आणि उघडी खिडकी असलेल्या खोलीतल्या वस्तूपेक्षा जास्त सोसते. अर्धवट चाललेले वातानुकूलन नसलेल्यापेक्षा वाईट, हे उष्ण प्रदेशातल्या जतनतज्ज्ञांना अनुभवाने ठाऊक आहे. अपुऱ्या अनुदानावर चालणाऱ्या संग्रहालयांत यंत्र आणले जाते, पण देखभालीचा आणि विजेचा पैसा पुढच्या वर्षी मिळत नाही. तिथे नेमके हेच घडते.

आकडा डळमळतो

१९९० च्या दशकात खुद्द शास्त्रज्ञांनीच प्रश्न विचारायला सुरुवात केली. कॅनडाच्या जतनसंस्थेतले स्टेफान मिखाल्स्की यांनी मांडले की वस्तूने आजवर जेवढा चढउतार सोसला, त्यात जे तडकायचे ते तडकून गेले. त्याच्या आतल्या चढउताराने नवी इजा होण्याची शक्यता फारच कमी. १९९४ साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतल्या संशोधकांनी लाकूड, सरस आणि रंग यांचे थर ताणून-दाबून मोजले आणि बहुतेक वस्तू पाच टक्क्यांपेक्षा बऱ्याच मोठ्या चढउतारात सुखरूप राहतात, असे जाहीर केले. क्षेत्रात खळबळ उडाली. १९९९ साली अमेरिकी वातानुकूलन अभियंत्यांच्या मार्गदर्शिकेने एका आकड्याऐवजी इमारतीच्या कुवतीप्रमाणे अनेक वर्ग दिले. २०१० साली युरोपने एक मानक काढले. त्याचा गाभा असा की वस्तूची हवा ठरवताना आधी तिच्या मागच्या हवेची नोंद पाहा. जिथे ती टिकली तीच तिची हवा. २०१४ साली जतनतज्ज्ञांच्या दोन मोठ्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी संयुक्त घोषणा केली, आणि त्याच सुमारास मोठ्या संग्रहालयांच्या संचालकांच्या बिझो गटाने बहुतेक वस्तूंसाठी ४० ते ६० टक्के आणि १६ ते २५ अंश एवढी रुंद पट्टी मान्य केली. कारणांत ऊर्जा आणि कार्बन हे शब्द आता उघडपणे आले.

भिंतीही परत आल्या. डेन्मार्कमध्ये व्हायले येथे अनेक संग्रहालयांनी मिळून एक कोठार बांधले. त्याच्या भिंतींना आणि छपराला भरपूर ऊबरोधक थर आहे, जमिनीला मुद्दाम नाही. त्यामुळे भूगर्भाची सावकाश बदलणारी ऊब-गारवा इमारतीला सांभाळतो आणि यंत्राने फक्त थोडे पाणी गाळायचे उरते. उष्ण प्रदेशासाठी लॉस एंजेलिसच्या गेटी संस्थेतल्या शिन माएकावा यांनी ब्राझीलमध्ये, रिओतल्या रुई बार्बोसा यांच्या घर-ग्रंथालयात आणि ॲमेझॉनच्या मुखाजवळच्या बेलेमच्या संग्रहालयात, साधी यंत्रणा चालवून दाखवली. बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तेव्हाच पंखे ती आत घेतात. नसेल तेव्हा आतली हवा खेळती ठेवून तिच्यातला दमटपणा कमी केला जातो. पन्नासचा हट्ट नाही. बुरशीच्या रेषेखाली राहिले की पुरे.

आपली शाखा

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे लाखो मोडी कागद आहेत. १९३० नंतरच्या काही वर्षांत गो. स. सरदेसाई यांनी त्यातून निवडून ४५ खंड छापले, तरी दफ्तराचा फार मोठा भाग रुमालांतच आहे. रुमाल म्हणजे चौकोनी सुती कापडात घट्ट बांधलेला कागदांचा गठ्ठा. त्या बांधणीत शास्त्र आहे. पावसाळी हवा आधी कापडाला भिडते, मग बाहेरच्या कागदांना, आणि दाबून बसलेल्या आतल्या कागदांपर्यंत पोचायला तिला फार वेळ लागतो. तोवर बाहेरची हवा पालटलेली असते. हॅम्प्टन कोर्टच्या तळघरातल्या कापडी नळ्या जे करत होत्या, तेच काम रुमाल वीज न जाळता करतो. त्यात कागद हातबनावटीचा, लांब धाग्याचा, खळ लावून घोटलेला. शाई काजळाची, जी फिकी पडत नाही आणि कागदही खात नाही. भोवती दगडी इमारत. दख्खनच्या पावसाळ्यातून हे कागद आले, ते या सगळ्याच्या जोरावर.

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात, जिथे भोसले राजांच्या काळापासूनच्या मराठी पोथ्या आहेत, वेखंड, काळे जिरे, लवंग, मिरी, दालचिनी यांची पूड कापूर घालून पुरचुंडीत बांधून पोथ्यांजवळ ठेवण्याची रीत आहे. आपल्या घरांतही पोथी लाल कापडात आणि वेखंडाच्या वासात असे, आणि पाऊस सरला की दसऱ्याच्या सुमारास तिला हवा दाखवली जाई. हा वर्षाचा नेम म्हणजे तपासणीच होती : कसर लागली का, पान चिकटले का, ओल पोचली का.

इमारतींनाही हे ज्ञान होते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची कोनशिला १९०५ साली बसली आणि १९२२ साली ते लोकांसाठी खुले झाले. जॉर्ज विटेट यांनी कुर्ल्याचा काळा आणि मालाडचा पिवळसर दगड वापरून जाड भिंती, उंच छत, भोवती सज्जे आणि जाळ्या अशी रचना केली. ऊन भिंतीपर्यंत पोचण्याआधी अडते आणि हवा वर निघून जाते. आज या संग्रहालयात आंतरराष्ट्रीय प्रदर्शने भरतात, त्यांच्यासाठी दालने बंदिस्त करून हवा राखावी लागते, आणि तेही योग्यच. पण सगळ्या वस्तूंना तीच हवा हवी, असे नाही. नागपूरच्या १८६३ सालच्या मध्यवर्ती संग्रहालयात, ज्याला सारा विदर्भ अजब बंगला म्हणतो, मे महिन्यातली दुपार वीस टक्क्यांच्या आसपास आणि श्रावण ऐंशीच्या घरात असतो. तिथल्या लाकडी वस्तूने असे शंभराहून अधिक उन्हाळे-पावसाळे पाहिले असतील, तर तिची सवय बोस्टनच्या वस्तूची असणार नाही. कोकण, देश आणि विदर्भ या एकाच राज्यातल्या तीन हवा आहेत. त्यांना एक आकडा लावणे हे शास्त्राला धरून नाही.

मागची हवाच बदलली तर

इथे मात्र सावध व्हायला हवे. वस्तू जिथे टिकली तीच तिची हवा, हा विचार ‘पन्नास’पेक्षा शहाणा आहे, पण पुढची हवा मागच्यासारखी असेल असे तो गृहीत धरतो. नेमके तेच आता धरता येत नाही. तापमान एक अंशाने वाढले की हवा सुमारे सात टक्के जास्त वाफ धरू शकते; म्हणून पाऊस येतो तेव्हा धो धो येतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले की मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या प्रदेशावर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि कोकणातली छपरे उडाली. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनची ग्रंथसंपदा सांभाळते. २००५ च्या पुराने तिचे मोठे नुकसान केले आणि जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आत शिरले. २०१९ साली कृष्णेच्या पुरात सांगलीच्या नगर वाचनालयाची पुस्तके भिजली.

अशा वेळी पाच टक्के आर्द्रतेवरचा वाद फार दूरचा वाटतो. वस्तूंना आज सर्वांत मोठा धोका वाफेपेक्षा पाण्याचा आहे आणि त्याखालोखाल उष्णतेचा : तापमान पाचेक अंशांनी वाढले की कागदाचे वार्धक्य साधारण दुप्पट वेगाने येते. मग मोजका पैसा कुठे घालायचा? मला वाटते, क्रम असा असावा. आधी छप्पर, पन्हळी आणि गटार. मग जे गेले तर परत मिळणार नाही ते तळमजल्यावरून वर. मग सुती रुमाल, चांगल्या कागदाची पेटी, बंद कपाट, म्हणजे वस्तूच्या अगदी जवळची भिंत. मग हवा खेळती ठेवणारे पंखे. आणि यंत्राची हवा हवीच असेल, तर एका लहान, नीट बंद होणाऱ्या खोलीत, खरोखर नाजूक वस्तूंपुरती, अखंड चालणारी.

पूर येऊन गेल्यावरची तयारीही आधीच हवी. भिजलेल्या कागदाला दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. तोवर हजारो पुस्तके वाळवणे शक्य नसते. फ्लॉरेन्सच्या १९६६ च्या पुरानंतर तिथले ग्रंथ तंबाखू वाळवण्याच्या भट्ट्यांत नेऊन वाळवावे लागले. नंतरच्या काळात रीत ठरली ती भिजलेली पुस्तके गोठवण्याची : गोठली की बुरशी थांबते आणि सवडीने, थोडी थोडी वाळवता येतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर मासळी गोठवणारे कारखाने आहेत. कोकणातल्या प्रत्येक वाचनालयाने आणि संग्रहालयाने त्यांच्याशी पावसाळ्यापूर्वी बोलून ठेवले, तर पुढच्या पुरात पुस्तकांचे ढीग रस्त्यावर टाकावे लागणार नाहीत.

या सगळ्यासाठी एक गोष्ट अगोदर हवी, ती म्हणजे स्वतःच्या हवेची ओळख. ती पांढरी डबी आता जिल्ह्याच्या संस्थेलाही परवडते. राज्याच्या पुरातत्त्व विभागाने आणि ग्रंथालयांनी आपल्या प्रत्येक इमारतीतली वर्षभराची आर्द्रता, तापमान, छताची गळती आणि पुराची पातळी यांची नोंद ठेवावी, ती सर्वांसाठी खुली करावी आणि दर पाच वर्षांनी तपासावी. लंडनने आपला आकडा लंडनच्या अनुभवातून काढला, यात त्याची चूक नव्हती. आपण आपल्या अनुभवाची नोंद न ठेवता तो घेतला, ही उणीव आपली आहे. ती भरून काढली, तर चिपळूणची पेटी कशी बांधायची आणि नागपूरचे दालन किती कोरडे चालेल, हे पुढच्या अभिरक्षकाला आपल्याच मातीतल्या पुराव्यावरून ठरवता येईल, आणि हवामान पुन्हा बदलले तर तो निर्णय बदलण्याचा आधारही त्याच्या हाती असेल.